मदत हवी आहे : लग्नाच्या छायाचित्रणासाठी वापरलेले दोन निकॉन डी७५० घ्यावेत की एकच सोनी ए७ थ्री?

नमस्कार. आजवर मी एका व्यावसायिक छायाचित्रकाराच्या हाताखाली लग्नांची कामे केली आणि आता स्वतंत्रपणे कामे घ्यायचे ठरवले आहे. कॅमेरे आणि लेन्स त्यांच्याच असत, त्यामुळे मी कोणत्याही एका कंपनीच्या माउंटशी (लेन्स बसवण्याच्या जोडणीशी) बांधलेला नाही. नवा फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा परवडणारा नाही. लेन्ससाठीचे पैसे बाजूला ठेवल्यावर उरलेल्या रकमेत निकॉन डी७५० च्या दोन वापरलेल्या बॉडी (लेन्सविना कॅमेरे) किंवा सोनी ए७ थ्रीची एक, एवढेच पर्याय उरतात.

एकाच कार्डाची सोय असलेल्या बॉडींचा विचार मी केलेला नाही. कॅनन ६डी, ६डी मार्क टू आणि निकॉनचा पहिला झेड६ हे एरवी चांगले कॅमेरे आहेत. परंतु लग्नातला क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही, आणि कार्ड ऐन वेळी बिघडले तर ग्राहकाला देण्यासारखे उत्तर आपल्याकडे नसते. कॅनन ५डी मार्क थ्रीमध्ये दोन कार्डे बसतात, मात्र त्यातले एक सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) प्रकारचे असते आणि निष्काळजीपणे कार्ड खुपसल्यास त्या खाचेतल्या बारीक पिना वाकतात, म्हणून जुन्या बॉडीत तो धोका मला नको वाटतो.

डी७५० हा २०१४ सालचा आणि ए७ थ्री २०१८ सालचा. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे आहेत आणि मंद प्रकाशात दोन्हींचे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) चित्र अल्बमसाठी पुरेसे चांगले येते. खरा फरक फोकसमध्ये आहे. डी७५० चे ५१ फोकस बिंदू चौकटीच्या मध्यभागी दाटलेले असल्यामुळे चेहरा कडेला ठेवायचा तर आधी फोकस धरून मग चौकट बदलावी लागते, आणि एफ/१.८ वर (लेन्सचे छिद्र बरेच उघडे असताना फोकसचा पट्टा अगदी अरुंद असतो) तेवढ्या हालचालीनेही डोळा निसटतो. ए७ थ्रीचे ६९३ बिंदू जवळजवळ संपूर्ण चौकट व्यापतात व तो डोळा स्वतः शोधून धरतो. गर्दीत, चालत्या माणसांमागे उलट्या पावलांनी जाताना ही सोय किती मोलाची आहे, हे मी अनुभवले आहे.

असे असूनही माझा कल दोन डी७५० कडे आहे. एकच बॉडी घेऊन लग्नाची जबाबदारी घेणे मला धाडसाचे वाटते. शिवाय एकीवर २४-७० मिमी आणि दुसरीवर ८५ मिमी अशी लेन्स लावून ठेवली की घाईत लेन्स बदलण्याची आणि सेन्सरवर धूळ बसण्याची वेळ येत नाही. बॅटरीही डी७५० ची बरीच जास्त टिकते. प्रत्येक कामासाठी दुसरी बॉडी भाड्याने आणावी असाही सल्ला मिळाला, पण ज्या तारखांना लग्ने असतात त्याच तारखांना भाड्याचे कॅमेरे मिळत नाहीत.

विक्रेते शटर काउंटवर (शटर आजवर किती वेळा उघडले त्या आकड्यावर) फार भर देतात. डी७५० चे शटर १,५०,००० क्लिकसाठी तपासलेले आहे, हे मला माहीत आहे. परंतु तो आकडा म्हणजे हमी नव्हे, आणि बॉडीने किती तास व्हिडिओ केला हे त्यावरून अजिबात कळत नाही. मला अधिक भीती लेझर दिव्यांची आहे. सोहळ्यांमध्ये वापरलेल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर थेट लेझर पडला असल्यास कायमचे ठिपके किंवा रेघा उमटतात. ए७ थ्रीसारख्या मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात, आणि व्हिडिओ करताना डी७५० सारख्या डीएसएलआरमध्येही (आरसा असलेल्या कॅमेऱ्यातही), सेन्सर सतत उघडा असतो, त्यामुळे व्हिडिओसाठी राबवलेली बॉडी मी जपूनच घेईन. लेन्सला झाकण लावून उच्च आयएसओवर (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता वाढवून) एक चित्र आणि एफ/१६ वर (लेन्सचे छिद्र लहान करून) पांढऱ्या भिंतीचे एक चित्र काढून दोन्ही संगणकावर मोठी करून ठिपके किंवा धूळ दिसते का ते पाहायचे, दोन्ही खाचांत कार्ड घालून एकाच वेळी लिहून घ्यायचे आणि हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर) फ्लॅश बसवून तो हलवत काही वेळा उडवून पाहायचा, असे मी ठरवले आहे.

डी७५० च्या काही उत्पादनांतील शटर निकॉनने स्वतःहून बदलून दिले होते. आपली बॉडी त्यांपैकी आहे का आणि तिचे शटर बदलले गेले आहे का, हे अनुक्रमांकाखेरीज बॉडीवरच्या एखाद्या खुणेवरून ओळखता येते का? ज्यांनी या दोन्ही कॅमेऱ्यांवर प्रत्यक्ष लग्ने केली आहेत, त्यांना डोळ्यावरच्या फोकसमुळे वाया जाणारी चित्रे खरोखर लक्षणीय कमी झाल्याचे जाणवले का? आणि ए७ थ्रीचे मूक (आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक) शटर एलईडी दिव्यांखाली वापरता येते का, की चित्रावर पट्टे येतात म्हणून आपण ते बंदच ठेवता? व्हिडिओचे काम मी घेणार नाही, त्यामुळे उत्तर देताना केवळ छायाचित्रांचा विचार करावा, ही विनंती.