रसायनशास्त्र कुठे वाचावं: ललितेतर पुस्तकांत की थरारकादंबऱ्यांत?

उत्तररात्र (धागाकर्ता)

रसायनशास्त्राची गोडी लागावी म्हणून काय वाचू, असं कुणी विचारलं की हल्ली पुष्कळ जण थरारकादंबऱ्यांची नावं सुचवतात. मला हे पटत नाही. या कादंबऱ्यांत रसायन येतं ते कुणाला तरी मारायला, नाहीतर काहीतरी उडवून द्यायला. पदार्थ मुळात कसा वागतो याला तिथे किंमत नसते, कथानकाला तो कसा वागलेला हवा आहे एवढंच पाहिलं जातं.

क्लोरोफॉर्मचंच घ्या. रुमालावर चार थेंब, रुमाल नाकावर, तीन सेकंदांत माणूस आडवा. प्रत्यक्षात बेशुद्ध व्हायला काही मिनिटं सलग हुंगावं लागतं, आणि बेशुद्धी टिकवायची तर पुढेही देत राहावं लागतं. मात्रा थोडी जास्त झाली की श्वास किंवा हृदय बंद पडतं. डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म भूल म्हणून वापरायला सुरुवात केली, आणि १८४८ च्या जानेवारीतच इंग्लंडमध्ये पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत १५ वर्षांची एक मुलगी त्याने दगावली. भुलीची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत इतकं कमी अंतर आहे. कादंबरीतला नायक मात्र तासाभराने डोकं चोळत उठतो आणि मारामारीला लागतो.

याच्याशेजारी इटालियन रसायनतज्ज्ञ-लेखक प्रीमो लेव्ही यांचं ‘द पीरिऑडिक टेबल’ (१९७५) ठेवून बघा. एकवीस प्रकरणं, प्रत्येकाला एका मूलद्रव्याचं नाव. ‘पोटॅशियम’ या प्रकरणात तरुण लेव्हींना बेंझिनमधला पाण्याचा अंश काढायचा असतो. त्यासाठी सोडियम हवं, ते मिळत नाही, म्हणून ते आवर्त सारणीतलं त्याच्या लगतचं पोटॅशियम घेतात. ऊर्ध्वपातन बिनबोभाट पार पडतं. मग रिकामा चंबू धुवायला ते नळाखाली धरतात. काचेला चिकटून राहिलेला पोटॅशियमचा बारीकसा कण पाण्याला भिडतो, चंबूच्या तोंडातून ज्वाळ उसळते आणि खिडकीचे पडदे पेटतात. एका गटातली ही दोन मूलद्रव्यं किती सारखी आणि कुठे वेगळी, हे ते पान वाचल्यावर विसरता येत नाही. थरार हवा असेल तर तो इथेही आहे, आणि तो खरा आहे.

पानगळ

क्लोरोफॉर्मबद्दल सहमत. बाकीच्याबद्दल अजिबात नाही.

अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द पेल हॉर्स’ (१९६१) मध्ये थॅलियम या विषारी धातूची विषबाधा आहे (रहस्य फुटतंय, क्षमस्व). १९७७ मध्ये लंडनच्या एका इस्पितळात कतारहून आणलेलं दीड-पावणेदोन वर्षांचं मूल होतं. निदान होत नव्हतं. तिथली एक परिचारिका नेमकी ही कादंबरी वाचत होती. मुलाचे केस गळताहेत हे पाहून तिने डॉक्टरांना थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत थॅलियमच निघालं, उपचार झाले, मूल वाचलं. डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात हा वृत्तान्त लिहिताना ख्रिस्तींचे आभार मानले. एखाद्या पुस्तकाने रसायनशास्त्राचं याहून जास्त काय करायचं?

चंचुपात्र

तुम्हा दोघांची उदाहरणं एकमेकांना इतकी जवळची आहेत की ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

थॅलियमचा आयन (विद्युतभार असलेला अणू) +१ भाराचा, आकाराने पोटॅशियमच्या आयनाच्या जवळपास. पेशीच्या दारावर त्याला पोटॅशियम समजून आत घेतलं जातं, आणि आत गेल्यावर पोटॅशियमची कामं बिघडतात: मज्जातंतू, स्नायू, केसांची मुळं. उपाय म्हणून देतात तो प्रशियन ब्लू, चित्रकारांचा गडद निळा रंग. आतड्यात त्याची स्फटिकजाळी थॅलियमला पकडून ठेवते, बदल्यात पोटॅशियमसारखा निरुपद्रवी आयन सोडते, आणि थॅलियम शरीराबाहेर पडतं.

म्हणजे लेव्हींच्या चंबूत पोटॅशियम सोडियमच्या जागी गेलं, आणि ख्रिस्तींच्या कादंबरीत थॅलियम पोटॅशियमच्या जागी. ‘जवळजवळ सारखं’ असणं किती घातक ठरू शकतं, हाच दोन्हीकडचा गाभा. मला ही दोन पुस्तकं एकमेकांची विरोधक वाटत नाहीत.

ठाम

पण हे आतड्याचं आणि स्फटिकजाळीचं तुम्ही कादंबरीत वाचलंत का? नाही. कादंबरीतून कळतं ते एवढंच की केस गळतात. लक्षण पाठ झालं, कारण कळलं नाही. त्या परिचारिकेचं कौतुक आहेच, पण तिच्या हातून झालं ते निरीक्षण. रसायनशास्त्र ‘का’ पासून सुरू होतं, आणि ‘का’ साठी शेवटी दुसऱ्याच पुस्तकाकडे जावं लागतं.

आडवाट

‘का’ वर उभी असलेली कादंबरी हवी असेल तर डोरोथी सेयर्स यांनी रॉबर्ट युस्टेस यांच्यासोबत लिहिलेली ‘द डॉक्युमेंट्स इन द केस’ (१९३०) घ्या. वाचायची असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

रानातली अळंबी गोळा करून खाणारा एक माणूस मस्करीन या विषाच्या बाधेने मरतो. सगळ्यांना वाटतं, चुकीची अळंबी खाल्ली. शंका एकच: विष अळंबीतलं की प्रयोगशाळेत तयार केलेलं? रेणूसूत्र तेच, परिणामही तोच. फरक कळतो तो ध्रुवित प्रकाशातून, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच प्रतलात हलतात अशा प्रकाशातून. सजीव जो रेणू घडवतो तो बहुधा एकाच हाताचा असतो, डावा किंवा उजवा (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी एक), आणि ध्रुवित प्रकाशाचं प्रतल एका बाजूला वळवतो. साध्या संश्लेषणात दोन्ही हातांचे रेणू सारख्या संख्येने बनतात, त्यांचं वळवणं एकमेकांना छेद देतं आणि प्रकाश सरळ निघून जातो. शेवटी सगळे त्या उपकरणाभोवती जमलेले आहेत आणि विषाच्या द्रावणातून पाहताना प्रकाश वळतो की नाही यावर एका माणसाची फाशी ठरणार आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चर यांनी १८४८ मध्ये चिमट्याने टार्टरेट या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक वेगळे केले, हे मी शाळकरी वयापासून वाचत आलो होतो. ते महत्त्वाचं का, हे मला या कादंबरीने पटवलं.

ठाम

उदाहरण उत्तम, फक्त त्यातली अळंबी चुकीची आहे. कादंबरीतली लाल टोपीची अळंबी म्हणजे अमानिटा मस्करिया. मस्करीन पहिल्यांदा तिच्यातून मिळालं हे खरं, पण तिच्यात ते अगदी नगण्य असतं. तिचा अंमल मुख्यतः इबोटेनिक आम्ल आणि मस्किमॉल या दुसऱ्याच द्रव्यांचा. तिच्याने मस्करीनची विषबाधा होऊन मरणं जवळपास अशक्य. कादंबरीतला ‘अपघात’ संभवतच नव्हता, मग पुढचा तपास कशावर उभा?

चंचुपात्र

ठाम, १९३० मधल्या ललितेतर पुस्तकांतही त्या अळंबीचं विष म्हणून मस्करीनच दिलेलं होतं. तेव्हाचं ज्ञान तेवढं होतं. उलट, या कादंबरीवर त्या काळी आक्षेप आला तो वेगळाच: नैसर्गिक मस्करीन प्रकाश वळवतच नाही, त्यामुळे शेवट खोटा. पुढे १९५० च्या दशकात मस्करीनची खरी रचना सिद्ध झाली आणि नैसर्गिक मस्करीन प्रकाश वळवतं असंच निघालं. कादंबरीचा कणा टिकला, आक्षेप घेणारे पडले. पुस्तक कुठल्या कप्प्यात मांडलंय यावरून आतलं रसायन खरं की खोटं हे ठरवता येणार नाही.

सांजपर्व

एक बाजू कुणीच मांडली नाही, म्हणून लिहिते. गुन्हा आणि रसायन यांचं नातं कादंबरीकारांनी लावलेलं नाही, ते न्यायालयातच जुळलं.

१८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये नातवाने आजोबांना सोमल (आर्सेनिकचं विष) घातल्याचा खटला चालला. रसायनतज्ज्ञ जेम्स मार्श यांनी सोमल शोधून काढला होता, पण त्याचा पिवळा साका ज्यूरीसमोर येईपर्यंत खराब झाला आणि आरोपी सुटला. नंतर त्याने गुन्हा कबूल केला. मार्श यांनी मग १८३६ मध्ये नवी चाचणी बसवली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं. सोमल असेल तर आर्सिन वायू निघतो. तो बारीक तोंडातून पेटवायचा आणि त्या ज्योतीवर थंड चिनी मातीचा तुकडा धरायचा. त्यावर काळसर, चकाकता डाग उमटतो, आरशासारखा. अँटिमनी हे दुसरं मूलद्रव्यही असाच डाग देतं, म्हणून पुढे आणखी एक पायरी आली: सोडियम हायपोक्लोराइटमध्ये सोमलाचा डाग विरघळतो, अँटिमनीचा नाही.

हे मी ललितेतर पुस्तकात वाचलं. पण ते वाचताना मी अक्षरशः श्वास रोखून होते, आणि ती सवय मला रहस्यकथांनी लावली. डाग विरघळेल की राहील, या प्रश्नावर थांबायला मी तिथे शिकले. धागाकर्त्यांनी सांगितलेलं ‘पोटॅशियम’ प्रकरणसुद्धा रहस्यकथेसारखंच रचलंय: आधी भडका, मग कारण.

उत्तररात्र

सांजपर्व, लेव्हींबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण माझी अडचण तुमच्यासारख्या वाचकाची नाहीच. तुम्ही पुढे जाऊन मार्श चाचणी वाचता. बहुतेक वाचक कादंबरी मिटतात आणि तीन सेकंदांचा रुमाल आयुष्यभर खरा मानतात. निदान पुस्तकाच्या शेवटी लेखकाने लिहावं, यातलं काय खरं आणि काय कथेसाठी वाकवलंय.

पानगळ

शेवटची टीप कोण वाचतं? त्यापेक्षा कथानकच असं हवं की रसायन जाणणाऱ्या वाचकाला गुन्हेगार आधी पकडता यावा. ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम करत होत्या. त्यांच्या पहिल्याच कादंबरीत, १९२० च्या ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ मध्ये, टॉनिकमधलं स्ट्रिकनीन हे विष त्यात मिसळलेल्या ब्रोमाइडमुळे स्फटिक होऊन बाटलीच्या तळाशी बसतं आणि शेवटच्या घोटात सगळं एकदम येतं. लागणारे सगळे धागे आधीच्या पानांवर उघडे मांडलेले आहेत. औषधनिर्मात्यांच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’ने त्या पुस्तकातल्या विषाच्या अचूक हाताळणीची वाखाणणी केली होती. हा निकष लावा, टीप लागणारच नाही.

ठाम

हा निकष मला मान्य आहे. त्यावर उतरणारी गेल्या वीस वर्षांतली एक तरी थरारकादंबरी सांगा. विषाचं नाव नुसतं टाकलेलं नको, त्याच्या गुणधर्मावर कथानक फिरलेलं हवं. या धाग्यावर सुचवलेली सर्वांत अलीकडची कादंबरी १९६१ ची आहे.