माळ्यावरचा एफएम२ आणि ड्रॉवरमधला डिजिटल: कारागिरी कुणाची?

खटका_३६ (धागाकर्ता)
परवा माळा आवरताना बाबांचा निकॉन एफएम२ हा फिल्मचा कॅमेरा सापडला. चामडी केसला बुरशी, खालच्या झाकणात बटण सेल गळून हिरवे झालेले. सेल काढून फेकले, फिल्मचा रोल न घालताच शटर चढवणारी (आणि रोल पुढे सरकवणारी) लिव्हर ओढली आणि बटण दाबलं. खट्ट! १ सेकंदापासून १/४००० सेकंदापर्यंत शटरचे सगळे स्पीड चालले. (१ सेकंद मी कानानं मोजला. १/४००० खरा आहे का ते देव जाणे.) १९८२ मध्ये आलेलं हे मॉडेल, सेल लागतात ते फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला, शटर सगळं स्प्रिंगा आणि दात्यांवर.

त्याच दिवशी ड्रॉवरमध्ये माझा २००५ चा डिजिटलही सापडला. त्याला एक्सडी नावाचं मेमरी कार्ड लागतं, ते आता कुणी बनवत नाही. बॅटरी फुगलेली, चार्जर गायब. भंगारवाल्यानं हातात घेऊन परत दिला.

माझं मत सरळ आहे. वस्तू म्हणून फिल्मचा कॅमेराच श्रेष्ठ. तो उघडता येतो, दुरुस्त करता येतो. डिजिटल म्हणजे वापरा आणि फेका. बोला.

सांगलीचा_फोटोवाला
कॅमेरा शोकेसमध्ये ठेवायला घेता की फोटो काढायला? मी २००३ पर्यंत लग्न-मुंजी फिल्मवर केल्या. एका मुंजीत ३६ फोटोंच्या रोलचं टोक स्पूलमध्ये, म्हणजे रोल गुंडाळणाऱ्या रिळात, अडकलंच नव्हतं. लिव्हर ओढतोय, काउंटर पुढे सरकतोय. ३६ झाले, ३७ झाले, ३८ झाले, तेव्हा पोटात गोळा आला. मातृभोजन, भिक्षावळ, सगळं कोरं. बटूच्या आजोबांना काय सांगू, पुन्हा मुंज लावा म्हणून? त्या ‘खट्ट’चं कौतुक मला नका सांगू.

खटका_३६
काका, रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची (रोल परत गुंडाळायची) मूठ फिरते का ते बघायचं असतं. फिरली नाही तर रोल पकडलेला नाही. यात कॅमेऱ्याचा काय दोष?

सांगलीचा_फोटोवाला
त्या दिवसानंतर झोपेतही बघत आलोय ती मूठ! पण आज माझ्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, एकच फोटो दोन्हीवर लिहिला जातो. मागच्या पडद्यावर फोटो आला की नाही ते तिथल्या तिथे कळतं. माझ्यासाठी किंमत ती.

पेचकस
मुळात तुमची वाटणीच चुकली आहे. फिल्म म्हणजे यांत्रिक, हे कुणी सांगितलं? १९७६ चा कॅनन एई-१ घ्या. फिल्मचाच कॅमेरा, पण आत मायक्रोप्रोसेसर. ६ व्होल्टचा सेल काढा, शटर उडणारच नाही. आतलं सर्किट गेलं तर दुसरा एई-१ मारून त्याचे अवयव काढावे लागतात. उलट २००४ चा एप्सन आरडी-१ बघा. पूर्ण डिजिटल, तरी प्रत्येक फोटोआधी लिव्हर ओढून शटर चढवावं लागतं, आणि वर घड्याळासारखे काटे! तुमचं प्रेम फिल्मवर नाही, दातेरी चाकांवर आहे. माझंही आहे. पण मग तसं म्हणा.

खटका_३६
हं. एई-१ चा मुद्दा मान्य. भंगारवाल्याचा मुद्दा कायम.

पिक्सेलपंत
डोळ्यांना दिसत नाही म्हणून कारागिरी नाही? डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी सेन्सर असतो, उजेड टिपणारी चिप; तिच्या एकेका बिंदूवर सूक्ष्म भिंग बसवलेलं असतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत अख्खा सेन्सर चुंबकांच्या जोरावर हलतो आणि तुमच्या हाताची थरथर गिळून टाकतो. कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा ०.०१ मेगापिक्सेलचा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथून इथवर येणं ही कारागिरी नव्हे तर काय? एवढंच की ती स्क्रू काढून बघता येत नाही.

अवांतर: निकॉननं २०२३ मध्ये काढलेला झेडएफ हा डिजिटल कॅमेरा दिसायला थेट एफएम२ चा भाऊ. चेहरा तुमचा, मेंदू आमचा.

मालवणची_निगेटिव्ह
सगळे कॅमेऱ्यावरच भांडताय. आमच्या आजोबांचा मालवणात स्टुडिओ होता. कारागिरी होती ती निगेटिव्ह रिटच करण्यात. काच लावलेलं उतरतं मेज, खालून उजेड, आणि पेन्सिल. टोक पॉलिश पेपरवर घासून सुईसारखं केलेलं. निगेटिव्हवर काळं-पांढरं उलटं, म्हणून सुरकुती फिकी दिसते, ती बारीक बारीक टिंबांनी भरायची. जास्त भरली की प्रिंटमध्ये चेहऱ्यावर पांढरा डाग. पुसायचं तर सगळंच पुसून पुन्हा सुरुवात. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल मी त्यांच्याच कपाटात पाहिले.

आणि बुरशीचं म्हणाल तर कोकणात ती फिल्म-डिजिटल भेद करत नाही. भिंग दिसलं की चढते. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवा, आणि त्या चामडी केसमध्ये कॅमेरा परत अजिबात घालू नका.

पिक्सेलपंत
ताई, तेच काम मी माउसनं करतो, आणि चुकलं तर मागे घेतो.

मालवणची_निगेटिव्ह
म्हणूनच आता लग्नाच्या अल्बमात सगळ्यांचे चेहरे सोललेल्या बटाट्यासारखे दिसतात.

सांगलीचा_फोटोवाला
हा दगड माझ्याकडेच होता का? 😀 गिऱ्हाईकच मागतं हो, ताई. नाही केलं तर आत्याबाई पैसे कापतात.

पेचकस
धागाकर्ते, वापरायचाच असेल तर आधी मागचं झाकण उघडून कडेचा फोम बघा. चिकट, काळा झाला असेल तर उजेड आत शिरेल. दुरुस्तीवाला तो स्वस्तात बदलून देतो. आणि रोलचा भाव विचारून मगच उत्साह दाखवा. रोल, धुलाई, स्कॅन धरून फोटो कितीला पडतो याचा हिशेब बायकोसमोर करू नका.

खटका_३६
फोम बदलून घेतला, केस टाकून दिली. आज सकाळी रोल भरला. सांगलीकर काका, मूठ फिरतेय.

सांगलीचा_फोटोवाला
शाब्बास. आता आतला रोल खरंच फिरतोय का, हे झाकण उघडून बघू नका म्हणजे झालं.