मदत हवी आहे : ३२ आठवड्यांत जन्मलेली मुलगी अजून बसत नाही, डावा हातही कमी वापरते

नमस्कार.

आम्ही कोरेगाव तालुक्यात राहतो. आमच्या मुलीचा जन्म साताऱ्यात ३२ व्या आठवड्यात, म्हणजे दिलेल्या तारखेच्या आठ आठवडे आधी झाला. जन्माचे वजन १६०० ग्रॅम होते आणि सुरुवातीचे काही आठवडे ती पेटीत होती. घरी येण्यापूर्वी झालेल्या डोळ्यांच्या पडद्याच्या व कानांच्या तपासण्या आणि डोक्याची सोनोग्राफी व्यवस्थित आली. आता ती नऊ महिन्यांची आहे आणि वजन ६ किलो ८०० ग्रॅम आहे. आधार दिला की बसते, आधार काढला की पुढे किंवा बाजूला कलंडते. रांगण्याची चिन्हे अद्याप नाहीत.

बसण्यातील उशिराबद्दल मी फारशी अस्वस्थ नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा विकास साधारण दोन वर्षांपर्यंत सुधारित वयाने (जितके आठवडे आधी जन्म झाला तितके वयातून वजा करून) मोजावा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्या हिशेबाने ती सात महिन्यांची आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार निरोगी बाळे आधाराशिवाय बसायला शिकण्याचा काळ सुमारे चार महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत पसरलेला असतो. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात, त्यामुळे नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस वेळेवरच घेतली. (शेजारी दोघीतिघींनी "अजून अशक्त आहे, थांबा" असे सुचवले होते. ज्यांचे बाळ लवकर जन्मले आहे त्यांनी कृपया असे थांबू नये, कारण अशा बाळांना संसर्गाचा धोका अधिकच असतो.)

माझा खरा प्रश्न डाव्या हाताचा आहे. ती जवळजवळ सर्व काही उजव्या हाताने धरते. खुळखुळा मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला ठेवला, तर डावा हात पुढे न करता ती उजवा हात छातीवरून ओलांडून पलीकडे नेते, आणि नाही पोहोचला तर रडते. डावी मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते, अंगठा आत. आंघोळ घालताना तो तळवा धुवायचा तर बोटे एकेक करून उघडावी लागतात, उजवीकडे तसे होत नाही. झबल्याची डावी बाही घालतानाही कोपर किंचित ताठ लागते. डावा पाय मला तरी उजव्यासारखाच हलताना दिसतो, पण पाहणारी मी आई आहे, त्यामुळे याबाबत खात्रीने सांगता येत नाही.

सासूबाईंचे म्हणणे असे, की पोर उजवी निघाली, त्यात काय एवढे. हिचे वडीलही उशिराच बसले, उशिराच चालले. सासूबाईंनीच या बाळाला पेटीतून आल्यावर रात्ररात्र छातीशी धरून ऊब दिली आहे, म्हणून त्यांच्या बोलण्याला मी हलके मानत नाही. परंतु माझ्या वाचनाप्रमाणे पहिल्या वर्षात बाळ दोन्ही हात सारखेच वापरते, आणि वर्षाच्या आत एकाच हाताकडे ठळक ओढा दिसला तर दुसऱ्या बाजूची तपासणी करून घ्यावी लागते. शिवाय सुधारित वयाने उशिराचा उलगडा होतो, पण दोन बाजूंमधील फरकाचा होत नाही. दोन महिने वजा केले तरी मिटलेली मूठ मिटलेलीच राहते.

आमच्या बालरोगतज्ज्ञांची वेळ पुढील आठवड्याची मिळाली आहे. त्याआधी अनुभवी पालकांकडून, आणि येथे कोणी बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट असल्यास त्यांच्याकडून, काही गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. जन्मानंतरची डोक्याची सोनोग्राफी व्यवस्थित असली तरी पुढे एमआरआयची गरज पडते का, आणि एवढ्या लहान बाळाला त्यासाठी भूल द्यावी लागते का? निदान पक्के होईपर्यंत थांबावे, की व्यायाम लगेच सुरू करावेत? पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने घडत असल्याने उपचार जितके लवकर तितके चांगले, असे सर्वत्र सांगितले जाते. तेव्हा केवळ कागदपत्रांसाठी महिना जाऊ नये असे वाटते. घरी उजवा हात धरून ठेवून डावा वापरायला लावावा, असेही एकाने सुचवले आहे, पण तज्ज्ञाने शिकवल्याशिवाय तसे करायला माझे मन धजत नाही. सध्या ती जागी असताना पालथी घालणे आणि खेळणी डावीकडून देणे एवढेच करत आहे. दीरांनी हौसेने आणलेला वॉकर माळ्यावर ठेवला आहे, कारण त्याने चालणे लवकर येत नाही आणि पडण्याची भीती मात्र वाढते.

आशाताईंनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची माहिती दिली आणि जिल्हा रुग्णालयात अशा बाळांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, असे सांगितले. साताऱ्यात तेथे कोणी मूल नेले आहे का? फिजिओथेरपी आठवड्यातून किती वेळा होते, आणि घरी करायचे व्यायाम आईला शिकवतात का? कराड किंवा सांगली-मिरजेकडील लहान बाळांचे व्यायाम घेणारे फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर तेही कळवावे. प्रवासाची आमची तयारी आहे.