शेन ओ'डॉनेल आणि बिनपगारी हर्लिंग: हौस की पिळवणूक?

खडूस_फुलबॅक

२८ सप्टेंबर २०१३, शनिवारची संध्याकाळ. डब्लिनच्या क्रोक पार्कवर क्लेअर विरुद्ध कॉर्क (आयर्लंडच्या दोन काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या), हर्लिंगची ऑल-आयर्लंड फायनल. तीही दुसऱ्यांदा, कारण त्याच महिन्यातली पहिली फायनल बरोबरीत सुटली होती. एनिस गावच्या शेन ओ'डॉनेल नावाच्या १९ वर्षांच्या पोराला त्या दिवशीच, सामन्याला काही तास उरले असताना सांगितलं, की तू सुरुवातीपासून खेळतोयस. पोरानं पहिल्या वीस मिनिटांत तीन गोल ठोकले आणि वर तीन पॉइंट. क्लेअर ५-१६, कॉर्क ३-१६ (आधी गोल, मग पॉइंट).

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: गोलाचे तीन गुण, आडव्या दांडीवरून चेंडू मारला तर एक. पंधरा-पंधरा खेळाडू, ७० मिनिटं, हातात हर्ली, म्हणजे रुंद टोकाची लाकडी काठी. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, पण ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं डोक्याच्या उंचीवरून जातो. मोठ्या गटातसुद्धा हेल्मेट सक्तीचं झालं ते थेट २०१० साली!

आता मुद्दा. क्रोक पार्कमध्ये ८२ हजार माणसं बसतात. तिकिटं, जाहिराती, टीव्ही सगळं पैसे देऊन. मैदानातल्या तीसजणांना मात्र पगार शून्य. प्रवासखर्च मिळतो, थोडंसं सरकारी अनुदान मिळतं, बस्स. शेनचंच पाहा. एका संध्याकाळीत देशभर प्रसिद्ध झाला, कॉलेजमध्ये धड फिरता येईना. २०१९ च्या उन्हाळ्यात सरावात डोक्याला मार बसला, कन्कशन. त्यात काम बाजूला ठेवावं लागलं, आपलं डोकं पूर्वीसारखं चालेल का याचीच भीती वाटली, हे त्यानं नंतर स्वतः उघड सांगितलं. त्या वेळी तो सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करत होता, म्हणजे डोकं हेच पोटापाण्याचं साधन. फुकट खेळायचं आणि डोकं पणाला लावायचं, याला मी तरी हौस म्हणणार नाही.

अंजूताई_गोरेगाव

धागा छान, निष्कर्ष उलटा. १९ व्या वर्षी फायनलमध्ये तीन गोल मारणाऱ्या पोराला व्यावसायिक खेळात काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी एजंट दारात, कॉलेज बंद. इथे तो कॉर्कच्या युनिव्हर्सिटीत शिकत राहिला, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर हार्वर्डला जाऊन आला, त्यासाठी लीगचे सामने सोडले, आणि परत येऊन त्याच संघात खेळला. पगारी खेळाडूला सहा महिने प्रयोगशाळेत जायला कोण सोडतं हो? पैसा नव्हता म्हणूनच त्याच्यावर मालकी सांगणारं कोणी नव्हतं.

कॉर्ककर

कॉर्कमध्ये राहतो म्हणून दोन शब्द. माझ्या मुलाच्या शाळेतले एक शिक्षक काउंटीच्या संघात आहेत. रविवारी टीव्हीवर, सोमवारी पहिल्या तासाला गणिताच्या वह्या तपासायला. शनिवारी सकाळी क्लबच्या मैदानावर सहा-सात वर्षांची पोरं स्वतःच्या उंचीच्या हर्ल्या घेऊन गोळा होतात. शिकवणारे सगळे कोणाचे तरी आई-बाप. एकजण गाडीच्या डिकीत पत्र्याच्या पट्ट्या आणि छोटे खिळे घेऊन बसतो, हर्लीचं रुंद टोक फुटलं की तिथल्या तिथे पट्टी ठोकून देतो. तोही फुकट. वरच्या तीसजणांना पगार सुरू झाला की या पट्टीवाल्याला तुम्ही काय सांगणार?

अवांतर: हर्ल्या ज्या लाकडाच्या करतात त्या अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, त्यामुळे हल्ली बांबूच्या आणि सिंथेटिक हर्ल्याही दिसतात. जुने लोक नाक मुरडतात.

खडूस_फुलबॅक

@कॉर्ककर, पट्टीवाल्याला नमस्कार सांगा. पण पट्टीवाला आठवड्यातून एक सकाळ देतो. २०१८ साली तिथल्या ईएसआरआय या संशोधन संस्थेनं काउंटी खेळाडूंचा अभ्यास केला, त्यात सराव, प्रवास, व्यायाम धरून आठवड्याला ३१ तासांपर्यंत वेळ जातो असं निघालं. नोकरी सांभाळून! आणि खेळाडूंमध्ये इतके शिक्षक का, याचा विचार केलात? दुपारी सुट्टी होते आणि उन्हाळा मोकळा मिळतो म्हणून. खेळासाठी पोरं नोकरी निवडतात, आणि तरी म्हणायचं खेळ हा छंद आहे.

@अंजूताई, मालकी सांगणारं कोणी नव्हतं? २००२ साली कॉर्कचे हर्लिंगपटू संपावर गेले होते. पगार मागत नव्हते. जिम, कपडे, डॉक्टर, प्रवासाची धड सोय एवढंच मागणं. ते झाल्यावर त्याच संघानं २००४ आणि २००५ च्या फायनल जिंकल्या. बिनपगारी माणसाला जर संप करावा लागतो, तर मालक कुठेतरी असणारच.

मधला_स्टंप

संपाचा मुद्दा बिनतोड, पण तो सोयींचा आहे. पगाराचं गणित मांडा ना. क्लेअर काउंटीची लोकसंख्या जेमतेम सव्वा लाख. आपल्याकडे तालुक्याला यापेक्षा जास्त माणसं असतात. तरी ते २०१३ आणि २०२४ ला ऑल-आयर्लंड जिंकले, कारण खेळाडू आपापल्या काउंटीकडूनच खेळतो, लिलाव नाही. पगार आला की पाठोपाठ बोली येणार. मग शेन ओ'डॉनेल क्लेअरमध्ये राहतो कशाला, तो डब्लिनला जातो. आणि जीएएचा (हर्लिंग चालवणाऱ्या आयरिश संघटनेचा) पैसा कोणा शेठजीच्या खिशात जात नाही, बहुतेक परत काउंट्यांकडे आणि क्लबांकडे जातो. कॉर्ककरांच्या पोराचं मैदान त्यातूनच.

चढाई_चंदू

आमच्या कबड्डीचं बघा की. प्रो कबड्डी २०१४ ला आली. त्याआधी पोरं बँक, रेल्वे, पोलीस यांच्या नोकरीवर डोळा ठेवून खेळायची, चाळिशीत गुडघे गेले की कोणी विचारत नव्हतं. आता लिलावात कोटींच्या बोल्या लागतात. कबड्डी मेली का? नाही मेली.

अंजूताई_गोरेगाव

चंदू, मेली नाही हे खरं, पण आता ज्या शहराच्या नावाचा संघ त्या शहरातला त्यात एक तरी असतो का? क्लेअरच्या पंधराजणांत सगळे क्लेअरचे असतात. तिथल्या माणसाला तेच हवंय.

रात्रपाळी

मी मेंदूच्या दुखापतींच्या वॉर्डात नोकरी करते, त्यामुळे माझा मुद्दा जरा वेगळा. पगारी असो वा बिनपगारी, डोक्याला मार बसलेल्या खेळाडूला परत कधी उतरवायचं हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, ते बोला. पगारी खेळात करारामुळे दडपण येतं. रग्बीतले निवृत्त खेळाडू आज विस्मरणाच्या तक्रारी घेऊन कोर्टात गेलेत, ते काय बिनपगारी होते? शेन पूर्ण बरा होऊन सावकाश परतला. त्याला थांबणं परवडलं, कारण त्याचं घर हर्लिंगवर चालत नव्हतं.

खडूस_फुलबॅक

थांबणं परवडलं म्हणजे काय, थांबणं त्याच्या नशिबी आलं! बाकी त्याच्या परतण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. २०२२, २३, २४ सलग ऑल-स्टार (वर्षातल्या सर्वोत्तम पंधराजणांत निवड), आणि २०२४ ला वर्षाचा सर्वोत्तम हर्लिंगपटू. त्या फायनलला पुन्हा कॉर्कच समोर, जादा वेळ, क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. एका गुणानं. क्लेअरच्या टोनी केलीचा गोल पाहिला नसेल तर आत्ता शोधा, तीन-चारजणांच्या मधून चेंडू हर्लीवर खेळवत नेलाय, बाकी चर्चा नंतर वाचा.

दक्षिणगोलार्ध

सेटांटा ओ हाल्पिनचं नाव अजून कोणी घेतलं नाही? कॉर्कचाच. २००३ च्या फायनलमध्ये किल्केनीविरुद्ध गोल मारला, त्या वर्षीचा सर्वोत्तम युवा हर्लिंगपटू ठरला आणि त्याच वर्षाअखेरीस ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या पगारी कराराखातर मेलबर्नला गेला. तिथे बरीच वर्षं खेळला. मागे राहिलेला त्याचा भाऊ शॉन ओग २००५ ला कॉर्कचा कर्णधार म्हणून चषक घेऊन उभा. सेटांटाला दोष देणार का? मी नाही देणार. पण हर्लिंगनं असा एक खेळाडू गमावला हे खर्चाच्या बाजूला मांडा. बिनपगारी पद्धत फुकट पडत नाही.

मधला_स्टंप

मांडलं. पण सेटांटासारखे किती? हर्लिंग सोडून गेलेले बोटांवर मोजण्याइतके. तिथे जातात ते बहुतेक गेलिक फुटबॉलवाले (जीएएचाच दुसरा खेळ). पाच-सहा माणसांसाठी बत्तीस काउंट्यांची घडी मोडायची?

खडूस_फुलबॅक

घडी मोडा असं मी कुठे म्हटलं? माझं मागणं: दुखापतीत बुडालेल्या कमाईची भरपाई आणि पुढच्या उपचारांचा पूर्ण खर्च, खेळ सोडल्यानंतरही.

कॉर्ककर

जीएएचा दुखापत निधी आहे की. बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळतो, वरची मर्यादा ठरलेली. आणि धागामालक, शीर्षकात 'पिळवणूक', मागणी मात्र विम्याची. शीर्षक बदला.

खडूस_फुलबॅक

नाही बदलत. तो निधी पगारदारासाठी. पीएचडी करणाऱ्या पोराचा कसला पगार बुडतो? त्याचं वर्ष बुडतं. त्याची भरपाई तुमच्या निधीच्या कुठल्या रकान्यात बसते ते सांगा.

रात्रपाळी

हा प्रश्न रास्त आहे. पण मग क्लबात खेळणाऱ्या, टीव्हीवर कधीच न दिसणाऱ्या पोरांनाही तोच रकाना द्यावा लागेल. डोकं त्यांचंही फुटतं, आणि ती हजारोंनी आहेत. आहे तयारी?