कुझनेत्सोव म्हणजे नेमकं काय? आणि बाई असली की कुझनेत्सोवा का?

खारेदाणे :
परवा घरी वाद झाला. टेनिसवाली स्वेतलाना कुझनेत्सोवा, ते धूर सोडणारं रशियन विमानवाहू जहाज ॲडमिरल कुझनेत्सोव, आणि आमच्या चिरंजीवांच्या इकॉनॉमिक्सच्या पुस्तकातला कुझनेट्स, हे सगळं एकच आडनाव आहे का? असेल तर अर्थ काय? आणि मराठीत लिहायचं कसं, कुझनेत्सोव, कुझ्नेत्सोव्ह, कुझनेटसोव, पेपरात रोज वेगळं असतं.

पाटीपेन्सिल :
मी दोन वर्षं रशियन शिकलो होतो, पुढे सोडून दिलं, पण एवढं डोक्यात पक्कं राहिलंय. कुझ्नेत्स म्हणजे लोहार. त्याला ओव लावलं की झालं "लोहाराचा". आडनावाचा अर्थ लोहार असा सांगतात सगळीकडे, पण तो अर्धाच आहे, खरा अर्थ लोहाराचा. कुणाचा रे तू? लोहाराचा. गावाकडे म्हातारी माणसं अजून असंच विचारतात की.

आणि म्हणूनच मला वाटतं हे आडनाव इंग्रजीपेक्षा मराठीतून जास्त नीट कळतं. आपला षष्ठीचा चा-ची-चे कसा पुढच्या नामाप्रमाणे बदलतो, लोहाराचा मुलगा, लोहाराची मुलगी, लोहाराचे सगळे, तसंच तिकडे कुझनेत्सोव, कुझनेत्सोवा आणि अख्खं कुटुंब असेल तर कुझनेत्सोवी. बाईचं आडनाव वेगळं नाहीये, फक्त "चा" चा "ची" झालाय.

चिमटा :
मग कुझनेट्स? त्याला ओव का नाही?

पाटीपेन्सिल :
सायमन कुझनेट्स 1901 मध्ये पिन्स्कला जन्मला, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं, आता बेलारूसमध्ये आहे. ज्यू घराणं. त्यांचं आडनाव नुसतं "लोहार", शेपूट नाही, म्हणजे आपल्याकडच्या लोहार आडनावासारखंच सरळ. पुढे अमेरिकेत गेला, 1971 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि पुस्तकातली ती उलट्या यू सारखी कर्व्ह त्याचीच, की देश श्रीमंत व्हायला लागला की विषमता आधी वाढते मग उतरते. आपल्याकडे तो इंग्रजी स्पेलिंगवरून आला म्हणून ट्स, बाकीचे थेट आले म्हणून त्स. शब्द एकच.

आळशी_मांजर :
उच्चाराचं मी सांगते, कारण यात आपण उगाच भाव खात नाही. रशियनमधलं ते त्स म्हणजे आपला चोरातला च आहे हो! चमचा, चाक, चूल यातला. चहा-चिमणी यातला नव्हे. आणि झ म्हणजे माझा-तुझा यातला, झेंड्यातला नव्हे. इंग्रजीवाल्यांना टी-एस जोडून दाखवावं लागतं, आपल्याकडे दोन्ही आवाज जन्मापासून तोंडात बसलेत. "लोहाराचा" म्हणताना शेवटचा चा म्हणतो ना, तोच आवाज. म्हणजे कुझनेचोव असं लिहून चोरासारखं वाचलं तर चूक काहीच नाही.

चिमटा :
असं लिहाल आणि कुणीतरी चिवड्यातला च वाचेल. आपल्या लिपीत दोन्ही च ना एकच अक्षर, हीच तर गोची आहे. त्स ठेवा, निदान गोंधळ नाही.

आळशी_मांजर :
ते आहेच. मी लिहिताना त्सच लिहिते, फक्त तोंडाने वेगळं त आणि स म्हणू नका एवढंच. अजून एक, शेवटचा व तिकडे फ ऐकू येतो आणि जोर शेवटी असतो म्हणून मधला ने सुद्धा नि सारखा होतो, कुझ्नित्सोफ. पण कुझनेत्सोवा म्हणताना व परत व होतो. त्यामुळे लिहायला व ठेवावा, नाहीतर नवरा सोफ आणि बायको सोवा.

भरतीओहोटी :
आता माझ्या आवडीचा विषय निघाला. निकोलाय कुझनेत्सोव म्हटलं तर कोणता हे विचारावं लागतं, कारण एकाच काळातले तीन आहेत आणि तिघेही मोठे.

निकोलाय गेरासिमोविच हा ॲडमिरल, अर्खांगेल्स्ककडचा. 1941 च्या जूनमध्ये जर्मनांचा हल्ला झाला त्या रात्री यानं आरमाराला आधीच सज्जतेचा हुकूम देऊन ठेवला होता. 1948 ला त्याची पदावनती, मग परत वर, 1955 मध्ये सेवास्तोपोलला नोवोरोसिस्क ही युद्धनौका बुडाली आणि परत खाली. 1974 ला गेला, आणि हुद्दा परत मिळाला 1988 मध्ये, म्हणजे मेल्यावर चौदा वर्षांनी. जहाजाला त्याचं नाव त्यानंतर लागलं, त्याआधी त्या जहाजाचं रिगा, मग लिओनिद ब्रेझनेव, मग त्बिलिसी असं बारसं तीनदा झालेलं. 2016 मध्ये इंग्लिश खाडीतून जाताना असा काळा धूर सोडत होतं की लोहाराची भट्टीच.

निकोलाय द्मित्रियेविच हा इंजिनवाला, कुइबिशेव म्हणजे आताच्या समारामधला. इंजिनांच्या नावात एन के असतं ते याच्याच नावाची आद्याक्षरं. एनके-12 हे टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारं जेट इंजिन, त्याच्याच डिझाइन ब्युरोचं. आणि इथे माझा संबंध येतो, मी वास्कोचा. 1988 मध्ये आपल्या नेव्हीची टीयू-142 ही समुद्रावर टेहळणी करणारी रशियन विमानं गोव्यात दाबोळीला आली, याच एनके-12 ची चार इंजिनं, प्रत्येकाला उलट्या दिशांनी फिरणारे दोन-दोन पंखे. आम्ही शाळेत असताना ती उठली की सर फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे, आवाज जाईपर्यंत काही शिकवायचं नाही, खडू हातात तसाच. 1992 ला ती तामिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि 2017 ला रिटायर झाली. त्या आवाजाला लोहाराचं नाव आहे हे मला चाळीशीत कळलं.

तिसरा निकोलाय इवानोविच, हेर. जर्मन इतकं फर्मास बोलायचा की जर्मनांच्या ताब्यातल्या युक्रेनमधल्या रोव्नो शहरात पॉल झीबर्ट नावाचा जर्मन अधिकारी बनून वावरला. 1944 मध्ये मारला गेला.

खारेदाणे :
तिघांना वेगळं ओळखायचं म्हणजे बापाचं नाव सांगायलाच लागतं की.

पाटीपेन्सिल :
बरोब्बर. गेरासिमचा, द्मित्रीचा, इवानचा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आपल्या रेशनकार्डासारखंच. आपल्याकडे वडिलांचं नाव नुसतं मधे येतं, ते ओविच लावतात, मुलगी असेल तर ओवना. रशियातल्या ऑफिसात आदराने हाक मारायची तर नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव नाहीच.

खरं तर ही ओव, येव, इन सगळी शेपटं आधी असंच काम करायची, आडनाव नंतर झाली. आपल्याकडे येऊन गेलेलं उदाहरण देतो. अफानासी निकितिन, त्वेरचा व्यापारी, 1470 च्या आसपास चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला, पुढे बीदर. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. तर त्याचं निकितिन हे घराण्याचं आडनाव नव्हे, निकिताचा अफानासी, एवढंच. नावाच्या शेवटी आ असेल तर ओव ऐवजी इन लागतं.

चिमटा :
आणि कोवालेव्स्काया? गणितवाली सोफिया? कोवाल म्हणजेसुद्धा लोहार ना?

पाटीपेन्सिल :
कोवाल हा युक्रेनियन लोहार, हो. लोखंड ठोकणे या एकाच क्रियापदातून कुझ्नेत्स आणि कोवाल दोन्ही आले. कोवालेन्को, कोवालचुक, पोलंडातला कोवाल्स्की सगळे त्याच भट्टीवरचे. पण स्की हे बऱ्याचदा आपल्या कर सारखं असतं, गावावरून. म्हणजे कोवालेव्स्की साधारण लोहारवाडीकर धरा. आणि सोफियाचं ते सासरचं नाव, माहेरची ती कोर्विन-क्रुकोव्स्काया. शिकायला परदेशी जाता यावं म्हणून तिनं कागदोपत्री लग्न केलं होतं, आणि 1874 ला गोटिंगेनची डॉक्टरेट घेतली.

आळशी_मांजर :
सासरच्या नावावरून आठवलं, स्वेतलानाची आई सायकलिंगची वर्ल्ड चॅम्पियन होती, गालिना त्सारेवा. त्सारेवा म्हणजे राजाची. वडील अलेक्सांद्र कुझनेत्सोव सायकलिंगचे कोच. म्हणजे राजाची लेक लोहाराच्या घरी आली आणि पोरगी 2004 ची यूएस ओपन आणि 2009 ची फ्रेंच ओपन घेऊन गेली. घरात सगळे सायकलवाले, ही एकटी रॅकेट घेऊन.

भरतीओहोटी :
आडनावांचं असंच चाललंय तर हे घ्या. 1956 मध्ये ॲडमिरल कुझनेत्सोवच्या जागी आला सेर्गेई गोर्शकोव. गोर्शोक म्हणजे मातीचं भांडं, गाडगं. म्हणजे लोहारसाहेब गेले आणि गाडगेसाहेब आले, आणि गाडगेसाहेब पुढे जवळपास तीस वर्षं हलले नाहीत. त्यांच्या नावाचं जहाज आपण घेतलं, 2013 पासून तीच आपली विक्रमादित्य, कारवारला असते.

चिमटा :
गाडग्याचा विक्रमादित्य झाला. हे मस्त आहे.

खारेदाणे :
आडनाव टाकून दिलेला कुणी नाही का? आपल्याकडे लोक लावत नाहीत मुद्दाम.

पाटीपेन्सिल :
आहे. अनातोली कुझनेत्सोव, कीवचा, जन्म 1929. बाबी यार या दरीत नाझींनी ज्यूंचं हत्याकांड केलं, लहानपणी हा तिथं जवळच राहायचा, त्यावर लिहिलं, पण सोव्हिएत सेन्सॉरनं जागोजागी कात्री लावली. 1969 मध्ये लंडनला गेला तो परत आलाच नाही, आणि कुझनेत्सोव या नावानं छापलेलं कापलेलं लिखाण माझं नाही म्हणून पुढे ए. अनातोली एवढीच सही केली. मला या सगळ्यांत हा जास्त लक्षात राहतो. आपल्याकडे आडनाव गाळतात ते जात कळू नये म्हणून, त्यानं गाळलं कारण त्या नावाखाली दुसऱ्यानंच हात फिरवलेला होता.

खारेदाणे :
थँक्यू सगळ्यांना, आज घरी वाचून दाखवतो. कुझ्नेत्स वरून अजून काही शब्द आहेत का रोजच्यातले?

आळशी_मांजर :
कुझ्नित्सा म्हणजे लोहाराचा कारखाना. आणि कुझ्नेचिक, शब्दशः छोटा लोहार, म्हणजे नाकतोडा! तो टकटक करतो म्हणून म्हणे. आपण म्हणतो नाक तोडतो, ते म्हणतात लोहारकी करतो. अंगणात रात्री त्याची टकटक तरी ऐकलीय मी, तुटलेलं नाक अजून कुणाचं पाहिलेलं नाही.