मदत हवी आहे: ऑफिसच्या जिन्यात सिगारेटी, आणि आता सभेत 'स्मोकिंग रूम'चा ठराव

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलंय, पण अर्धवट सांगितलं तर 'एचआरला सांगा' एवढंच उत्तर येईल आणि आमच्याकडे एचआरच नाही.

मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते. आम्ही ९ जण. इमारत ७ मजली, एकूण २१ ऑफिसं: विमावाले, सॉफ्टवेअरवाले, एक दातांचा दवाखाना, एक क्लास. लिफ्ट पुढे आणि जिना मागच्या अंगाला. चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधल्या लँडिंगवर सिगारेट ओढणाऱ्यांचा अड्डा आहे. तिथे रंगाचा रिकामा डबा ठेवलाय, निम्मा वाळूने भरलेला. संध्याकाळी त्यात वाळू दिसत नाही, नुसती थोटकं. जिन्याचं फायर डोअर आपोआप बंद होणारं आहे, पण हवा खेळावी म्हणून कुणीतरी खाली पेव्हर ब्लॉक सरकवून ते उघडं ठेवतं. सगळा धूर आमच्या पॅसेजमध्ये. माझं टेबल त्या दारापासून १६ पावलांवर आहे.

मला त्रास होतोच, पण धागा काढायचं खरं कारण आमचे वॉचमनकाका. पूर्वी ते गेटवर बसायचे. मागच्या वर्षी पाचव्या मजल्यावरून दोन लॅपटॉप चोरीला गेले, तेव्हापासून कमिटीने त्यांची खुर्ची त्या लँडिंगवर टाकली. रोज १२ तास. काका माळकरी, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. जुलैत खोकला हटेना म्हणून दवाखान्यात गेले तर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती वर्षं ओढताय?" हे मला सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता की मला पुढे काही बोलवेना. त्यांनी हात जोडून सांगितलंय की माझं नाव कुठे येऊ देऊ नका मॅडम, एजन्सी उद्याच दुसरा माणूस पाठवेल.

जमेल तेवढं वाचलंय. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा (कोटपा), त्याचं कलम ४ (सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी), आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेले नियम. त्या नियमांत कामाची जागा स्पष्टपणे 'सार्वजनिक ठिकाण' धरली आहे. प्रवेशद्वारापाशी आणि प्रत्येक मजल्यावर ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव लिहिलेलं हवं, ॲश ट्रे ठेवायचा नाही. आमच्या मजल्यावरचा फलक मार्चमध्ये रंगकामाला काढला. भिंतीवर आता स्क्रूची दोन भोकं आहेत.

१ जूनपासून मी वही ठेवली आहे. तारीख, वेळ, किती जण होते, दार उघडं की बंद, मी कुणाला सांगितलं. ६३ नोंदी झाल्या. सेक्रेटरींना दोनदा तोंडी सांगितलं, एकदा मेल केली. उत्तर आलं, "एकमेकांना सांभाळून घेऊ या."

आता वार्षिक सभेचा अजेंडा आलाय. विषय ६: पाचव्या मजल्यावरील स्टोअररूमचे एक्झॉस्ट फॅनसह स्मोकिंग रूममध्ये रूपांतर. सिगारेट न ओढणारेही याच्या बाजूने आहेत. 'त्यांची सोय होईल, तुमचा त्रास जाईल' असं मला प्रेमाने समजावतात. पण मी वाचलं त्यानुसार अशी खोली फक्त ३० खोल्यांचं हॉटेल, ३० जण बसतील एवढं रेस्टॉरंट आणि विमानतळ इथेच चालते. ऑफिसांना ती सवलत नाही. हे मला बरोबर कळलंय का? २१ मालकांच्या इमारतीत जिन्याला जबाबदार कोण? काकांचं नाव न येता तक्रार कुठे करू? सभासद आमचे सर आहेत, मी नाही. ते विरोध नोंदवायला तयार आहेत, पण म्हणतात मजकूर तू लिही.

ओढणाऱ्यांशी माझं भांडण नाही. त्यातले दोघं रोज आमच्याबरोबर डबा खातात.

जुना_कारकून:

ताई, बरोबर वाचलंय तुम्ही. ऑफिसात स्मोकिंग रूम करताच येत नाही, मग सभेने एकमताने ठराव केला तरी. एक्झॉस्ट फॅनचंही सांगतो. ज्यांना परवानगी आहे त्यांनासुद्धा चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप मिटणारं दार, आतली हवा थेट बाहेर जाईल आणि इमारतीच्या हवेत मिसळणार नाही अशी सोय, आणि खोलीतला हवेचा दाब बाकी इमारतीपेक्षा कमी, एवढं सगळं लागतं. स्टोअररूमला पंखा बसवून यातलं काय होणार?

जबाबदार कोण, याला नियमातले शब्द आहेत: मालक, व्यवस्थापक, पर्यवेक्षक किंवा कारभार पाहणारा. जिना सामाईक, म्हणजे कमिटी. ऑफिसच्या आत त्या त्या ऑफिसचा प्रमुख.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या ६३ नोंदींतलं तोंडी सांगणं कागदावर शून्य आहे. कळवूनही कारभाऱ्याने काही केलं नाही तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर बसतो, असा नियम आहे. कळवल्याचा पुरावा म्हणजे तारखेचं पत्र आणि त्यावर सही-शिक्क्याची पोच. पत्र सरांच्या लेटरहेडवर द्या, म्हणजे काकांचा प्रश्नच येत नाही. वहीच्या नोंदींची झेरॉक्स जोडा, पण त्यात काकांचा उल्लेख असेल ती पानं आधी तो उल्लेख गाळून नव्याने उतरवून काढा. मूळ वही कुणाच्या हातात देऊ नका.

आठ-दहा दिवसांत हालचाल नाही झाली तर जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्ष. तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतो, पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. पोलिसांत उपनिरीक्षक आणि त्यावरचे अधिकारी दंड करू शकतात. 'आपले सरकार'वरही तक्रार टाका, टोकन नंबर मिळतो. दंड फक्त २०० रुपयांपर्यंत आहे म्हणून लोक मनावर घेत नाहीत. कर्नाटकाने २०२५ मध्ये तो १,००० केला, आपल्याकडेही व्हायला हवा.

पणजीकर:

मी ११ वर्षं रेस्टॉरंटांत काम केलं, म्हणून कळकळीने लिहितोय: ती खोली होऊ देऊ नका. एका ठिकाणी आमच्याकडे अशी काचेची खोली होती. नियमाप्रमाणे तिथे ओढण्याशिवाय दुसरं काही करायचं नाही, खाणं-पिणं न्यायचं नाही. प्रत्यक्षात बियरचे ट्रे आत नेणारे आम्हीच. दार दर दोन मिनिटांनी उघडायचं, आणि शिफ्ट संपल्यावर खोली पुसायला पोरगा जायचा तो वेगळाच. तुमच्याकडे ती खोली कोण झाडणार? काकाच किंवा सफाईच्या मावशी.

गोव्यात सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध १९९७ चा स्वतंत्र कायदा आहे, कोटपाच्याही आधीचा. आणि २०२१ च्या जानेवारीत केंद्राने हरकतींसाठी ठेवलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात तर हॉटेल-विमानतळावरच्या अशा खोल्याही बंद करायचं होतं.

अर्धा_कप:

मी स्वतः ओढतो. तरीही धागाकर्तीच्या बाजूने आहे, कारण खुर्ची टाकून तिथे बसवलेल्या माणसाला उठून जायची मुभा नाही, मला आहे. पण सभेत पहिला प्रश्न येईल, "मग आम्ही जायचं कुठे?" त्याचं उत्तर तयार ठेवा. बंदी मोकळ्या जागेला नाही (स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस स्टॉप सोडून). पार्किंगच्या मागे, दारं-खिडक्यांपासून लांब जागा असेल तर ती सुचवा. चार मजले उतरायचे म्हटल्यावर माझ्या तरी दिवसाला दोन कमी झाल्या होत्या. सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन आहे, मोफत. तो नंबर फलकाशेजारी लावा.

माधवी_ठाणे:

फायर डोअरचा मुद्दा वेगळ्या पत्रात घ्या. जिना ही आगीत सुटकेची वाट, तिथे जळती थोटकं आणि दार ब्लॉक लावून उघडं! महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो. कमिटीने जुलैचा दिलाय का ते विचारा. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले, त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लर बंद करणारी दुरुस्ती केली. तेवढं घडायची वाट कशाला पाहायची? सिगारेटच्या विषयावर जे गप्प बसतात ते आगीच्या विषयावर बोलतात, हा माझा अनुभव आहे.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. पणजीकर, खोली कोण झाडणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

काल दोन्ही पत्रं दिली, पोच मिळाली. वही नव्याने उतरवताना काकांचा उल्लेख असलेल्या सात नोंदी गाळल्या. सरांच्या विरोधाचा मजकूर असा केलाय:

"विषय ६ मधील प्रस्तावित खोली २००८ च्या नियमांनुसार कार्यालयीन इमारतीत अनुज्ञेय नाही. या ठरावास माझा विरोध असून तो इतिवृत्तात नोंदवावा. सर्व मजल्यांवर फलक लावावेत, त्यावर तक्रार स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे नाव असावे. धूम्रपान करणाऱ्यांसाठी पार्किंगमागील मोकळ्या जागेचा विचार करावा. सुरक्षारक्षकाची बसण्याची जागा तळमजल्यावर असावी."

शेवटचं वाक्य ठेवू की काढू? ते नसेल तर खुर्ची तिथेच राहील, आणि असेल तर काकांनीच सांगितलं असा संशय येईल. सभा रविवारी ११ वाजता आहे. ज्यांनी अशा सभांत विरोध नोंदवलाय त्यांनी शनिवारपर्यंत सांगा.

जुना_कारकून:

ठेवा, पण फायरच्या विषयावर एक पुरवणी पत्र देऊन त्यात हलवा. "सुटकेच्या मार्गात खुर्ची, टेबल, डबा वा कोणतीही वस्तू नसावी" एवढंच लिहा. खुर्ची आपोआप खाली येईल आणि काकांचं नाव कुणाच्या तोंडी येणार नाही.