चौकटी पेटीला घट्ट चिकटल्यात, हाइव्ह टूल नक्की कसं चालवायचं?

मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांची दहा चौकटींची एक पेटी सांभाळतोय, दुसराच महिना आहे. काल तपासणीला उघडली आणि सगळं बिनसलं. माश्यांनी प्रोपोलिसने, म्हणजे त्यांच्या त्या चिकट राळेने, चौकटी अशा जखडल्यात की हलेनात. हाइव्ह टूल, म्हणजे एका टोकाला सपाट धार आणि दुसऱ्याला आकडा असलेली पट्टी आहे, पण त्याची कुठली बाजू कुठे लावायची ते कळेना. शेवटी मधल्या चौकटीखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटली. एका बाजूचा कान, म्हणजे वरच्या पट्टीचं पेटीवर टेकणारं टोक, मोडला, चौकट धाडकन आत पडली आणि मला सहा डंख. माश्या शांत करायचं धुराडं हात दुखेपर्यंत चालवलं होतं, तरी माश्या जास्तच चवताळल्या. ब्रशने सारायला गेलो तर त्याच्या केसांत अडकल्या.

चौकट हिसका न देता सुटी कशी करायची? धूर किती द्यायचा? आणि मोडक्या कानाच्या चौकटीत अळ्या आहेत, सध्या ती पेटीतच तिरकी टेकवून ठेवलीय. तिचं काय करू?

प्रतिसाद १

स्क्रूड्रायव्हर आधी बाजूला ठेवा. टोक अरुंद, सगळा जोर एकाच जागी येतो आणि लाकूड फुटतं.

सुरुवात मधून नाही, कडेच्या चौकटीपासून करायची. तिथे माश्या कमी आणि राणी सापडण्याची शक्यताही कमी. टूलची सपाट धार कडेच्या दोन चौकटींच्या फटीत, कानाजवळ घाला आणि मनगट वळवा. चौकट आडवी सरकली पाहिजे, वर नाही. कट् असा आवाज आला की राळ तुटली. दुसऱ्या कानाजवळ तेच. त्यानंतरच आकड्याचं काम: आकडा कानाखाली, पट्टीची पाठ शेजारच्या चौकटीवर, आणि वरचं टोक हळू दाबायचं. साधी तरफ आहे. कान जरा वर आला की दोन्ही हातांनी सरळ उचला, तिरकी नको. ही चौकट बाहेर टेकवून ठेवा, म्हणजे बाकीच्या एकेक करून मोकळ्या जागेत सरकवता येतील.

माश्यांना ये-जा करायला 6 ते 9 मिलिमीटरची फट लागते. ठासून बसलेल्यांतून एक ओढली की दोन्हीकडच्या माश्या रगडल्या जातात. डंखातून धोक्याचा गंध सुटतो, पिकल्या केळ्यासारखा, आणि बाकीच्या धावून येतात. तुमचे पुढचे पाच डंख बहुधा पहिल्यामुळेच! (सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाश्या, असत्या तर राळेची कटकट नव्हती, त्या ती गोळाच करत नाहीत.)

प्रतिसाद २

हात दुखेपर्यंत भाता? मग धूर गरमच आला असणार. धुराड्याच्या तोंडासमोर तळहात धरून बघा, तुम्हाला चटका बसला तर माश्यांनाही बसतो. खाली चांगला निखारा, वर सुकं गोणपाट सैलसर, सगळ्यात वर मूठभर हिरवं गवत. धूर गार आणि पांढरा निघतो. दाराशी दोन-तीन फुंका द्या आणि एक-दोन मिनिटं थांबा. हे थांबणंच नवे लोक विसरतात. धुराने तो केळ्याचा वास झाकला जातो आणि माश्या मध पिण्यात गुंततात, पण त्याला वेळ लागतो.

ब्रश मऊ घ्या, किंचित ओला करा. मी तर चौकट पेटीवर धरून एकच खालच्या दिशेने झटका देतो, ब्रश उरलेल्यांसाठी. मात्र राणीपेशी (जिच्यात नवी राणी वाढते) असलेली चौकट कधीच झटकू नका. डंख चिमटीत धरत बसू नका, टूलच्या धारेने किंवा नखाने लगेच खरवडा.

मोडक्या कानाच्या जागी वरच्या पट्टीवर पातळ लोखंडी पट्टी स्क्रूने बसवा. ऊन असताना, झटपट, अळ्या गारठू देऊ नका.

मूळ धागाकर्ता

पट्टी बसवली, चौकट जागेवर आहे. कडेची चौकट मनगटाच्या एका वळणात सुटली, खरंच कट् वाजलं. मधल्या अजून बघितल्या नाहीत. एकच राहिलं: टूलवर राळेचा थर बसलाय, तो काढू कसा?

प्रतिसाद १

दुसऱ्या पट्टीने खरवडा आणि उरलेला धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात. दुसरी पेटी घेतलीत तर मध्ये टूल ज्योतीवर तापवून घ्या, रोग एका पेटीतून दुसरीत हातातल्या हत्याराबरोबरही जातो.